नमुना

नाक हाच आमचा धंदा.
उदगीरला चौबाऱ्याच्या मागं घाणा, बापापासूनचा.
करडई जुनी का नवी, जवसात ओल किती,
शेंगदाणा कोणत्या पोत्यापासून खवट झाला,
डोळे झाकून सांगतो.
यात फुशारकी नाही,
सुतार लाकूड ओळखतो तेवढंच.

म्हणून नीलांबिकेची बॅग रिकामी करताना
तिचा गळ्यातला निळा रुमाल हाती आला,
तो मी दोनदा हुंगला.
"हे खायचं तेल नव्हं."
ती म्हणाली, "विमानाचं आहे, अप्पा."

मग ताटलीवर बोट फिरवत तिनं समजावलं:
वर हवा विरळ.
आतल्या लोकांना श्वासाला लागते ती
इंजिनाच्या पुढच्या अंगातूनच काढून घेतात,
दाबलेली, तापलेली, मग गार केलेली.
मधे एक सील असतं.
ते झिजलं की तेलाचा धूर
डोक्यावरच्या जाळीतून खाली उतरतो.
कुणाला ओल्या मोज्यांचा वास येतो,
कुणाला काहीच नाही.

त्या दिवशी चिकलठाण्याला उतरत होते.
इंजिनाचा सूर बदलला आणि वास आला.
पहिल्या रांगेत एक बाळंतीण, माहेराहून निघालेली,
तिनं लेकराच्या तोंडावर पदर धरला.
पदरानं काय गाळलं जातंय.
नीला उभी होती, हसत. हसायचा पगार असतो.

वहीत लिहिलं: वास आला. कारण आढळले नाही.
हैदराबादच्या डॉक्टरनं लिहिलं: टेन्शन.

आता तिला 'कप' हा शब्द लवकर सापडत नाही,
"ते दे," म्हणते, "ते गरम."
उजवा हात सूप नसताना पाखडत राहतो.

अर्ज लिहायला बसलो तर आधी माझंच लिहावं लागलं.
करडई उगवलीच नाही त्या साली
मी सरकीचं तेल मिसळलं. चार डबे.
लातूरहून इन्स्पेक्टर आला,
बाटल्यांत नमुना घेतला, लाख लावली,
माझीच सही घेतली.
दंड भरला. दोन वर्षं बाजारातून मान खाली घालून गेलो.
बरोबरच झालं.
खाणाऱ्याला कळत नाही,
विकणारा सांगत नाही,
मधे बाटली लागतेच.

तर साहेब, सवाल एवढाच:
हवेची बाटली कुणाकडं आहे?

धूर मोजणारं यंत्र बसवा.
जाळीच्या आधी गाळणी बसवा.
खर्च येतो म्हणतात. येतो की!
मला दर आठवड्याला नवं कापड लागतं.
वास आला तर विमानाचा नंबर, वेळ,
सील बदललं का नाही, सगळं लिहा,
आणि ती वही ज्यांनी श्वास घेतला त्यांना बघू द्या.
पोरींचं रक्त त्याच दिवशी तपासा,
महिन्यानं काय सापडतंय, माझा धंदा तेलाचा आहे,
मला विचारा.

तहसीलसमोरचा टायपिंगवाला मोईनोद्दीन मधेच थांबला.
"अप्पा, तुम्ही विमानात बसलात कधी?"
"नाही."
"मग?"
"सुईण दर वेळी बाळंत होती का रे?"
तो हसला, आणि 'गाळणी' पुन्हा टाइप केलं,
आधी 'गळणी' झालं होतं.

सही नीलानं केली.
रेघ डोंगरासारखी वर-खाली गेली,
बँकेतल्या सहीशी जुळायची नाही.
राहू दे, म्हणालो, तोच पुरावा.

सोबत नमुना जोडला आहे:
काचेची बाटली, आत अर्धा रुमाल, वर लाख.
अर्धाच का, असं विचाराल.
माझ्या वेळी इन्स्पेक्टरनं शिकवलं होतं,
नमुन्याचे भाग करायचे असतात,
सगळा कुणाच्याच हाती द्यायचा नाही.
दुसरा भाग घाण्यावर आहे, फळीवर,
करडईच्या रिकाम्या बाटलीत.
रोज झाकण उघडून बघायचा मोह होतो.
उघडत नाही.
लाखेतून का होईना वास उडतोच, साहेब,
जरा लवकर करा.